परदेशी शिक्षणाचा आराखडा नववीतच आखावा

दरवर्षी १४ एप्रिलला बाबासाहेबांच्या कोलंबिया विद्यापीठातील शिक्षणाची कथा आपण आदराने सांगतो. ती प्रज्ञेची आणि कष्टांची कथा आहेच. परंतु ती काटेकोर नियोजनाचीही कथा आहे, आणि नेमका हाच भाग सांगायचा राहून जातो.

तारखा क्रमाने लावून पाहिल्या की हे ध्यानी येते. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी दिलेली शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची, तीन वर्षांच्या मुदतीची आणि परतल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करण्याच्या कराराने बांधलेली होती. १९१६ साली ते लंडनला गेले. १९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपल्याने अभ्यास अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. मात्र चार वर्षांच्या आत येऊन तो पुरा करण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून मिळवून ठेवली होती. पुढे सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून पैसा साठवला, त्याला शाहू महाराजांचे साहाय्य व नवल भथेना या मित्राचे कर्ज यांची जोड मिळाली, आणि १९२० मध्ये, मुदत टळण्यापूर्वी, त्यांनी पुन्हा लंडन गाठले. १९२३ मध्ये ते डी.एस्सी. झाले.

आज मार्ग त्या मानाने रुंद आहे. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांतील ७५ विद्यार्थ्यांसाठी आहे. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या १२५ जागांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी आहेत. शुल्क, निर्वाहभत्ता व विमानभाडे यांची तरतूद त्यांत असते. तरीही उमरगा तालुक्यातील गुणी विद्यार्थी बहुधा कागदपत्रांपाशीच अडखळतो. जात पडताळणीसाठी १९५० पूर्वीचा पुरावा लागतो, आणि निजामी अमलातील आजोबा-पणजोबांच्या नोंदी उर्दूत किंवा मोडीत सापडतात. त्या शोधून, वाचून घेऊन प्रमाणित करण्यात महिने जातात. विद्यापीठांचे अर्ज प्रवेशाच्या वर्षभर आधी सुरू होतात. इंग्रजीच्या आयएलटीएस किंवा टोफेल परीक्षेचे गुण दोनच वर्षे ग्राह्य असतात. पारपत्र, उत्पन्नाचा दाखला, प्राध्यापकांची शिफारसपत्रे यांचाही आपापला काळ असतो. पदवीचा निकाल लागल्यावर धावपळ सुरू करणाऱ्याचे ते वर्ष हातचे जाते, आणि शेतमजूर आईबापांच्या घरात वाया गेलेले वर्ष पुन्हा मिळत नाही.

विषयाची निवडही नियम वाचूनच करावी लागते. २०२२ साली केंद्राने भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय आपल्या शिष्यवृत्तीतून वगळले. बाबासाहेबांचा कोलंबियातील एम.ए.चा प्रबंध ईस्ट इंडिया कंपनीच्या प्रशासन व अर्थव्यवहारावर होता. ९ मे १९१६ रोजी तेथेच त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. असे विषय घेऊन आज कोणी अर्ज केला, तर तो या अटीतून सुटेल काय? ज्यांनी जातीचे चटके सोसले, त्यांच्याच लेकरांना जातीचा अभ्यास जगाच्या विद्यापीठांत करण्यासाठी साहाय्य नाकारणे अन्यायाचे आहे. त्याविरुद्ध सनदशीर मार्गाने बोलणे आपले कर्तव्य आहे. तोवर इतिहास, समाजशास्त्राकडे वळणाऱ्या विद्यार्थिनीने दोन्ही योजनांची चालू वर्षाची नियमावली समोर ठेवूनच वाट ठरवावी.

शिकलेली मुले परदेशीच राहतील, गावाला काय उपयोग, असे काही पालक विचारतात. शंका रास्त आहे; पण ती मुलांना रोखण्याचे कारण होऊ शकत नाही. मुलींच्या बाबतीत तर ही शंका नकाराचे निमित्तच होऊन बसते. समाजाशी नाते टिकवण्याचा संस्कार घर, विहार व वसतिगृह यांनी करायचा असतो.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने एक सूचना मांडतो. आपल्या विद्यालयाने नववीतील प्रत्येक विद्यार्थ्याची कागदपत्रांची संचिका उघडावी व दरवर्षी तपासावी. दाखल्यांतील नावाची, जन्मतारखेची तफावत तेव्हाच दुरुस्त व्हावी. उच्चशिक्षित माजी विद्यार्थ्यांनी प्रत्येकी एका विद्यार्थ्याचे पालकत्व घ्यावे, त्याचे इंग्रजी लेखन तपासावे, अर्जाच्या तारखांची आठवण द्यावी. यासाठी मोठा निधी लागत नाही, नियमितपणा लागतो. पुतळ्याला हार घालण्याइतक्याच निष्ठेने आपण ही संचिका सांभाळली, तर पुढच्या पिढीचा प्रवास एखाद्या दाखल्यावाचून अडणार नाही.