हार्डीची क्रियापदं दुरुस्त करू नका

रेन आणि मार्टिनच्या व्याकरणावर पोसलेला आपला वाचक टॉमस हार्डीच्या कादंबऱ्यांत 'आय ॲम'ऐवजी 'आय बी' असं काही वाचलं की अडखळतो. मग ठरलेला आक्षेप येतो: ही अडाण्यांची मोडकी इंग्रजी, लेखकानं हसवण्यापुरती वापरलेली, विद्यार्थ्यांच्या आवृत्तीत ती सरळ केली तर बिघडलं कुठे?

बिघडतं. मुळात 'मोडकी' हा शिक्काच टिकत नाही. 14व्या शतकाच्या अखेरीस चॉसरनं 'रीव्हची कथा' लिहिली. तिच्यातले केंब्रिजचे दोन विद्यार्थी उत्तरेकडचे, म्हणून त्यांच्या तोंडी त्यानं 'स'कारान्त क्रियापदं घातली. लंडनकर तेव्हा 'गोएथ'च्या वळणानं बोलत. 1611च्या बायबलातही 'एथ' ठाण मांडून आहे. पुढे मात्र उत्तरेचा 'स'च जिंकला. आज 'शी गोज'मधला 'स' गळाला की गुण कापणारे मास्तर त्या गावठी रूपाचीच राखण करत असतात!

शुद्धतेचा दंडकही अनादि नाही. रॉबर्ट लाउथनं 1762मध्ये इंग्रजीचं व्याकरण छापलं आणि तळटीपांत शेक्सपिअर, मिल्टन, पोप यांच्याही चुका काढल्या. इतके दिग्गज नापास होत असतील, तर शंका परीक्षकावरच घ्यावी.

बोलीला नियम नसतात, हाही गैरसमज. शिक्षक, पाद्री आणि कवी असलेल्या विल्यम बार्न्सनं डॉर्सेटच्या, म्हणजे हार्डीच्याच मुलखातल्या, बोलीचं व्याकरण लिहिलं. तिथे एकदाच घडलेल्या क्रियेला साधा भूतकाळ, तर पुन्हापुन्हा घडणाऱ्या क्रियेआधी बिनआघाताचं 'डिड'. आपल्या 'गेला' आणि 'जायचा'मध्ये जो फरक, तोच.

हसवण्यासाठी बोली वापरणारे लेखक होतेच. चॉसरही हसवतो, पण त्याची उत्तरेकडची पोरं अखेर लबाड गिरणीवाल्यावर मात करतात. हार्डीच्या 1891च्या 'टेस'मध्ये तर आई बोलीतच बोलते; शाळा शिकलेली लेक घरात बोली आणि बाहेर प्रमाण भाषा. क्रियापदं सरळ केली, की मायलेकींत शाळेनं पाडलेलं अंतरच पुसलं जातं.

शार्लट ब्रॉन्टीनं 1850मध्ये बहीण एमिलीच्या 'वदरिंग हाइट्स'मधल्या जोसेफची यॉर्कशर बोली वाचकांच्या सोयीसाठी सौम्य केली. हेतू चांगलाच होता. तरी आजच्या अभ्यासू आवृत्त्या एमिलीच्या 1847च्या पाठाकडेच वळतात. अर्थ लागत नसेल तर खाली टीप द्या. संहितेला हात लावू नका.