चौक चुकतो तेव्हा

एका हातात लेकराचं बोट, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी. आपल्याकडचा चौक ओलांडायचा तर बाईला तिसरा हातच हवा, येणाऱ्या गाड्यांना थांबवायला! आणि काही झालंच तर वर ऐकायचं, ‘बघून चालता येत नाही का?’ चौकाचंच काही चुकत असेल, हे कुणाच्या मनातही येत नाही.

न्यूयॉर्कमध्ये ते एका बाईच्या मनात आलं. तिथला टाइम्स स्क्वेअर म्हणजे माणसांचा महापूर. त्यात ब्रॉडवे हा रस्ता बाकीच्या सरळ रस्त्यांना तिरका छेदून जातो, म्हणून गाड्यांचा कायम गुंता. फुटपाथ अपुरे, लोक रस्त्यात उतरून चालायचे. मे 2009 मध्ये शहराच्या वाहतूक आयुक्त जॅनेट सादिक-खान यांनी ब्रॉडवेचा तेवढा तुकडा गाड्यांना बंद केला. तोडफोड नाही की बांधकाम नाही. अडथळे लावले, घडीच्या खुर्च्या मांडल्या. करून तर बघू, नाही जमलं तर उचलून ठेवू! टीका झालीच. पण 2010 च्या सुरुवातीला हिशेब मांडला, तेव्हा जखमी होणारे पादचारी 35 टक्क्यांनी कमी झाले होते आणि गाडीतले चक्क 63 टक्क्यांनी! मग तो बदल कायम झाला, पक्कं बांधकाम त्यानंतर.

आपल्या गावात रस्ता बंद करायचीही गरज नाही. कोपऱ्याचं ऐसपैस वळण आवळलं, की गाडीला वेग कमी करावाच लागतो. रस्त्याच्या मधोमध उभं राहायला उंच जागा केली, की एका वेळी एकाच बाजूची वाहनं बघायची. सिग्नलचंही तसंच. माणूस सेकंदाला साधारण 1.2 मीटर चालतो असं धरतात. म्हणजे 18 मीटरच्या रस्त्याला 15 सेकंद. पण गुडघे धरलेल्या सासूबाईंना आणि दिवस भरत आलेल्या लेकीला तेवढे पुरतील? चौक आखायचा तो सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या मापाने.

महाराष्ट्रात 2011 पासून नगरपालिकांतल्या निम्म्या जागा आपल्या आहेत. तेव्हा मैत्रिणींनो, आपल्या नगरसेविकेला शाळा सुटायच्या वेळी चौकात घेऊन जा. तिच्या हाती एक पिशवी आणि एक पोर द्या अन् म्हणा, ‘ताई, आता ओलांडून दाखवा!’ मग पंधरा दिवस चुन्याच्या रेघा मारून, वाळूची पोती ठेवून नवी आखणी करून बघा. पटली तर पक्की करा. त्यासाठी आधी कुणाचा जीव जायची वाट कशाला बघायची?