इमानाची परतफेड

कोल्हापूर जिल्ह्यात कृष्णा व पंचगंगा यांच्या संगमावर नृसिंहवाडी हे दत्तक्षेत्र वसलेले आहे. दत्तगुरूंच्या चित्रात त्यांच्या पायांशी चार कुत्री असतात. ती चार वेदांची प्रतीके होत, असे मानतात. साताऱ्याच्या थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी संगम माहुलीस दाखवितात. कुत्र्याच्या इमानाचे कौतुक आपण असे पुष्कळ करतो. पण त्या इमानाची परतफेड कशी करतो, याचा विचार क्वचितच करतो.

पिलू घरी येते, तेव्हा चार दिवस सारी मुले त्याला उचलून घेतात. पुढे उत्साह ओसरतो, आणि ते दिवसभर साखळीला बांधलेले राहते, नाही तर रस्त्यावर सोडले जाते. ज्याला रोज दोन वेळा कुत्र्यास फिरवावयास सवड नाही, त्याने ते पाळूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोणी म्हणेल, “राखणीचे कुत्रे बांधून ठेवले, तरच तिखट होते.” हा समज चुकीचा आहे. सदैव बांधलेले कुत्रे शूर होत नाही, ते चिडके व भित्रे होते. आणि भ्यालेले कुत्रे चटकन चावते. शिक्षणही माराने होत नाही. हाकेसरशी आले नाही म्हणून, उशिरा आलेल्या कुत्र्यास मारले, तर ‘आलो म्हणून मार मिळाला,’ एवढेच ते शिकते. सांगितलेले ऐकताच शाबासकी द्यावी, म्हणजे ते लवकर शिकते.

माया अजाण असली, तर तीही घातक ठरते. आपला तांबडा रस्सा आपणांस कितीही प्रिय असो, त्यातील कांदा-लसूण कुत्र्याचे रक्त बिघडवितात. चॉकलेट तर त्याला विषच होय. शिजविलेली हाडे फुटून त्याच्या घशात रुततात. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही; धापा टाकूनच ते अंग निववते. म्हणून उन्हाळ्यात त्याला सावली व स्वच्छ पाणी सदैव हवे.

सर्वांत मोठे कर्तव्य लसीचे. 1885 साली लुई पाश्चर यांच्या लसीने जोसेफ माइस्टर हा नऊ वर्षांचा मुलगा वाचला. आज लस सर्वत्र मिळत असता हयगय करणे अक्षम्य आहे. पिलू तीन महिन्यांचे होताच त्यास रेबीजची लस टोचवावी व पुढे पशुवैद्यांच्या सल्ल्याने ती चालू ठेवावी. कुत्रे चावले किंवा त्याने ओरबाडले, तर जखमेस हळद, चुना वा तिखट लावू नये. ती वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मोठी माणसे रागावतील या भीतीने ही गोष्ट कधीही लपवू नका. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली, की रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते.

कुत्रे आपण निवडतो. त्याला आपला धनी निवडता येत नाही. म्हणूनच ते बिचारे इमान राखते, तेव्हा त्याच्याहून मोठी जबाबदारी आपल्यावर असते.