‘डोंट वरी’ने धीर येत नाही

धीर द्यावा तो इंग्रजीतच, असं हल्ली शिकलेसवरलेले लोक मनापासून मानू लागले आहेत. ‘डोंट वरी’, ‘बी स्ट्राँग’, ‘वुई आर विथ यू’ ही वाक्यं म्हणे नेमकी, सभ्य आणि कुणालाही चालणारी. आपल्याकडे एकतर उपदेश नाहीतर रडारड. ‘काहून रडतं वं माय, मी हाओ नं’ हे वऱ्हाडी बोलणं त्यांच्या कानाला दरडावल्यासारखं लागतं. त्यातला ‘मी हाओ नं’ त्यांना ऐकूच येत नाही.

अमरावतीच्या दिवाणखान्यात हा आवडीनिवडीचा वाद असेल. धारणीत तो जिवाशी येतो.

धारणी आणि चिखलदरा या मेळघाटातल्या दोन्ही तालुक्यांत मोठा समाज कोरकूंचा. त्यांची भाषा संथाळी, मुंडारीच्या कुळातली. मराठी-हिंदीशी तिचं नातं नाही. धारणीच्या बाजारात हिंदी चालते, कचेरीत मराठी, औषधाच्या चिठ्ठीवर इंग्रजी आणि घरात कोरकू. कमी वजनाचं लेकरू घेऊन आलेल्या आईला वॉर्डात पहिल्या तिन्ही भाषा ऐकू येतात, चौथी क्वचितच. त्यातला एक इंग्रजी शब्द मात्र तिला पक्का कळतो: ‘रेफर’. म्हणजे घाटरस्त्याने दीडशे किलोमीटरच्या घरातलं अमरावती, तिथलं इर्विन नाहीतर डफरीन रुग्णालय. मागे घरी दोन लेकरं, शेळ्या आणि बुडालेली मजुरी. अशा बाईला ‘डोंट वरी’ म्हणणं म्हणजे तिच्या काळजीची चौकशीच न करता ती निकालात काढणं.

यावर ठरलेलं उत्तर येतं की सांत्वनाला भाषा लागत नाही, पाठीवरचा हात पुरतो. ओळखीच्या माणसाचा हात पुरतो, हे खरं. पण परक्याने हात लावून आपलं लेकरू उचललं, नाकात नळी घातली आणि कळेल असं काहीच सांगितलं नाही, तर त्या हाताचं भयच वाटतं. ही नळी दूध पाजायची आहे, रक्त ओढायची नाही, हे एक वाक्य तिच्या बोलीत सांगितलं की आईच्या खांद्यांवरचा ताण उतरताना दिसतो. स्पर्शाने ते काम होत नाही.

दुसरं उत्तर, ‘हिंदी तर सगळ्यांनाच येते.’ मीठ-तेल घेण्यापुरती येते. भीती सांगण्यापुरती येत नाही. आणि भीती सांगताच आली नाही, तर धीर देणारा तरी कशाला उत्तर देणार?

भूमकाचं, म्हणजे कोरकूंच्या पारंपरिक वैदू-मांत्रिकाचं, उदाहरण या वादात कुणी काढत नाही. मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तापल्या लोखंडाने लेकराच्या पोटावर डागणं हा अघोरी प्रकार आहे, त्याचं समर्थन होऊच शकत नाही. पण आई आधी त्याच्याकडे का जाते? तो कोरकूत विचारतो, दुखण्याला नाव देतो, काय करायचं ते सांगतो आणि घाईने उठून जात नाही. योग्य उपचार डॉक्टरकडे आणि धीर भूमकाकडे, अशी ही वाटणी झाली आहे. तिला अंधश्रद्धा म्हणून हिणवल्याने ती मोडत नाही. ती मोडते लोकांत राहिल्याने. डॉ. रवींद्र आणि स्मिता कोल्हे हे डॉक्टर दाम्पत्य मेळघाटातल्या बैरागडला जाऊन राहिलं, लोकांनी विचारलं म्हणून शेतीतही उतरलं. 2019 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. लोकांचा विश्वास त्यांनी त्याच्या कितीतरी आधी कमावला होता.

इंग्रजीशी माझं भांडण नाही. उलट, इंग्रजीतलं जे खरंच घेण्यासारखं आहे ते आपण घेत नाही. वाईट बातमी कशी सांगावी याची ‘स्पाइक्स’ नावाची सहा पायऱ्यांची पद्धत 2000 मध्ये कर्करोगतज्ज्ञांनी मांडली. पहिल्या पायरीत ती एकांत पाहून रोग्याजवळ बसायला सांगते. दुसरीत, त्याला स्वतःच्या आजाराबद्दल काय समजलं आहे ते आधी विचारायला सांगते. सहानुभूतीचे शब्द येतात ते थेट पाचवीत! 2019 पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमातही संवादकौशल्याचा वेगळा भाग आला, ही चांगलीच गोष्ट. पण कोरकू आईला ‘तुला काय वाटतं?’ हे विचारायचं कोणत्या भाषेत? तिथेच गाडी अडते आणि मग पाठ केलेलं वाक्य फेकून पुढच्या खाटेकडे जाणं सोपं पडतं.

धीर म्हणजे आधी माहिती, मग शब्द. लेकराला काय झालंय, किती दिवस राहावं लागेल, अमरावतीला नेलं तर सोबत कोण येईल, परत कोण आणून सोडेल. आदिवासी भागात दवाखान्यात थांबणाऱ्या पालकांसाठी बुडीत मजुरीची तरतूद आहे. ती कशी मिळते हे खाटेपाशी उभं राहून तिच्या बोलीत सांगणं, यासारखा दिलासा नाही. त्यानंतर ‘घाबरू नको’ म्हटलं, तर त्या शब्दांना वजन येतं.

यासाठी माणसं कुठून आणायची, असं विचारलं जातं. माणसं आहेत. गावातली आशा सेविका कोरकू बोलते. वॉर्डात झाडू मारणारी बाई कित्येकदा कोरकूच असते आणि रात्री रडणाऱ्या आईपाशी तीच जाऊन बसते, डॉक्टरचं बोलणं उलगडून सांगते. ते तिच्या कामात कुठे लिहिलेलं नाही, त्याचे पैसे तिला मिळत नाहीत. मेळघाटातल्या प्रत्येक वॉर्डात कोरकू दुभाषाची जागा रीतसर मंजूर व्हावी, तिला पगार असावा, आणि भरती करताना रात्रपाळीची जागा आधी भरावी.