टिकटिक कशाची?

आमच्या कैलासवासी वडील बंधूंनीं १९८९ सालीं एक संगणक घेतला होता. पुढील पांच-सहा वर्षें दररोज रात्रीं जेवणें आटोपल्यावर ते त्यापुढें बसत आणि घराण्याची वंशावळ, कुळाचार, कोणाची सोयरीक कोठें झाली इत्यादि नोंदी रोमन अक्षरांत मराठी लिहून त्यांत सांठवीत. त्यांच्या पश्चात् तें यंत्र माजघराच्या कोपऱ्यांत कापडाखालीं पडून राहिलें. यंदा त्यांच्या नातवाची मुंज ठरली, तेव्हां वहिनींनीं हळूच विचारलें, "भावोजी, त्यांनीं लिहून ठेवलेलें एकदां पाहावयास मिळेल का?" नाहीं म्हणण्यास आमची जीभ रेटेना.

बटण दाबतांच संगणकाचा पंखा फिरूं लागला. परंतु मॉनिटर काळाच राहिला, आणि त्याच्या पोटांतून दर क्षणास 'टिक्, टिक्' असा बारीक आवाज मात्र येऊं लागला. पुतण्या म्हणाला, "काका, नवा पडदा जोडूं." पण तें शक्य नव्हतें. हा मॉनिटर एकरंगी, नऊ पिनांचा. त्या काळचा संगणक त्याच्याकडे सेकंदास सुमारें १८,४०० आडव्या रेघा धाडीत असे. १९८७ सालीं आलेल्या व्ही. जी. ए. पद्धतींत ही संख्या सुमारें ३१,५०० झाली व जोडाच्या पिनाही पंधरा झाल्या. तेव्हां आजच्या पडद्यास ही जुनी बोली समजत नाहीं. बाजारांतील एका दुरुस्तीवाल्यानें पेटी न उघडतांच 'फेकून द्या' असा निकाल दिला. अखेर आम्हीं आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यास बोलाविलें. त्याचें सारें आयुष्य दूरचित्रवाणीचे संच दुरुस्त करण्यांत गेलें आहे.

त्यानें प्रथम मुलांना खोलीबाहेर काढलें. वाचकांनींही हें ध्यानांत ठेवावें कीं, अशा पेटींत हात घालणें हें घरगुती काम नव्हे. घरांतील २३० व्होल्टांची वीज आंत येतांच एकदिश होऊन सुमारें ३२५ व्होल्टांनीं एका मोठ्या कपॅसिटरांत सांठते, आणि वायर काढल्यावरही तेथें कांहीं काळ टिकून राहूं शकते. पिक्चर ट्यूबच्या पाठीवरील रबरी टोपीखालीं तर दहा हजार व्होल्टांहून अधिक दाब असतो. त्यानें वायर काढली, थोडा वेळ थांबून मोठा कपॅसिटर रेझिस्टरमधून रिता केला, मीटर लावून खात्री करून घेतली आणि मगच पेटीच्या आंत हात घातला.

आम्ही जवळ बसून पाहत होतों. शिक्षकाची खोड जात नाहीं, मोठ्या कपॅसिटरकडे बोट दाखवून आम्हीं सांगितलें, "दोष यांतच असला पाहिजे, वीज सारी येथेंच सांठते." तो कांहीं बोलला नाहीं, त्यानें तो बदलला. टिकटिक जशीच्या तशी! तेव्हां तो हंसून म्हणाला, "गुरुजी, अन्वय आणि व्यतिरेक तुम्हींच शिकविलेत. एक गोष्ट काढून पाहावी, कार्य राहतें कीं जातें तें पाहावें, मग कारण ठरवावें." आम्ही ओशाळलों.

त्यानें मग पॉवर सप्लायवरचा मॉनिटरचा भार सोडविला आणि त्याच्या जागीं बेताचा एक दिवा जोडला. टिकटिक थांबली असती, तर दोष पुढल्या भागांत ठरला असता. ती थांबली नाहीं. म्हणजे दोष पॉवर सप्लायच्याच घरांत. मीटरनें तपासतां डायोडही सर्व धड निघाले. मग त्यानें एका तापणाऱ्या रेझिस्टरला खेटून बसलेला, बोटाच्या पेराएवढा एक कपॅसिटर उपटून आमच्या हातावर ठेवला. "हा पाहा अपराधी!"

त्याचें काम असें. पॉवर सप्लायचा कारभार एका चिमुकल्या आयसीकडे असतो. सुरुवातीस तिला एका मोठ्या रेझिस्टरमधून थेंब थेंब वीज मिळते, व ती या लहान कपॅसिटरांत जमते. दाब सुमारें १६ व्होल्टांवर पोंचतांच आयसी जागी होऊन काम सुरू करते. ट्रान्सफॉर्मरच्या एका वेगळ्या वेढ्यांतून तिची नेहमींची वीज येऊं लागेपर्यंत तिनें या सांठ्यावरच निभावून न्यावयाचें असतें. परगांवीं नोकरीस गेलेल्या मुलास पहिला पगार हातीं येईपर्यंत घरच्या शिदोरीवर दिवस काढावे लागतात, तसेंच हें. शेजारच्या उष्णतेनें कपॅसिटरमधील द्रव वर्षानुवर्षें सुकत गेला आणि शिदोरी अपुरी पडूं लागली. दाब १० व्होल्टांच्या खालीं येतांच आयसी निजते. पुन्हा थेंब जमतात, पुन्हा जागते, पुन्हा निजते. हीच ती टिकटिक!

१०५ अंश उष्णता सोसणारा नवा कपॅसिटर थोड्या रुपयांत मिळाला. तो रेझिस्टरपासून किंचित् दूर बसविला, म्हणजे पुन्हा तीच गत होऊं नये. बटण दाबलें, टिकटिक नाहीं. क्षणभरानें काळ्या कांचेवर पिवळसर अक्षरें उमटलीं. सुदैवानें संगणकांतील चकतीही शाबूत होती.

वहिनींना रोमन अक्षरें सराईतपणें वाचतां येत नाहींत. पुतण्यानें वाचून दाखविलें. वंशावळीच्या शेवटच्या ओळींत बंधूंनीं आपल्या मुलांपुढें जागा मोकळी सोडून 'पुढील पिढी' इतकेंच लिहून ठेवलें होतें. वहिनी उठून देवघराकडे गेल्या. पुतण्यानें त्याच रात्रीं सर्व नोंदी वहींत उतरून घेण्यास आरंभ केला, आणि त्या मोकळ्या जागीं बटूचें नांव घातलें.

बंद पडलेल्या यंत्राविषयीं, आणि अबोला धरलेल्या माणसाविषयींही, आपण मोठ्या कारणाचा तर्क लढवितों व निकाल देऊन मोकळे होतों. आम्हीं तर दोष नसलेला भाग बदलून पाहिला! यापुढें निकाल देण्यापूर्वीं, कोणाची लहानशी शिदोरी कोठें आटली आहे, हें आधीं पाहण्याचें आम्हीं ठरविलें आहे.