बंदुकीची शिस्त

मराठी शिकवणाऱ्या माणसाने बंदुकीवर लिहावे, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. पण या सदराचा रिवाजच असा की, एखाद्या शब्दाचे बोट धरून निघायचे आणि तो नेईल त्या घरी जायचे. यंदा ‘शिस्त’ हा शब्द मला बंदूकवाल्याच्या घरी घेऊन गेला. आज शिस्त म्हटली की शाळेची रांग आठवते. पण जुन्या मराठीत शिस्त धरणे म्हणजे नेम धरणे. शब्द फारसीतून आला. तोफ तुर्कांकडून आली, काडतूस पोर्तुगीजांनी दिले, आणि नळीच्या टोकावरच्या बारीक खुंटीला ‘माशी’ हे नाव मात्र आपण आपल्या घरचे ठेवले.

माझे आजोळ पारगाव. पारगावे आमच्याकडे एकाहून अधिक आहेत. एक जुन्नर तालुक्यात, तर्फ आळे. दुसरे आंबेगावात, तर्फ अवसरी बुद्रुक. कुकडी आणि घोड या नद्यांवर धरणे झाली, कालवे आले, बाजरीच्या जागी ऊस उभा राहिला. आंबेगावच्या पारगावाजवळ तर भीमाशंकर साखर कारखानाच आहे. ऊस आला आणि त्याच्या आडोशाला बिबट्याही आला. मादी उसात पिल्ले घालते. त्या पिल्लांना डोंगर ठाऊकच नसतो. म्हणून आमच्याकडे बंदुकीची गोष्ट ही नुसती मर्दुमकीची गोष्ट राहत नाही.

गावात आमचे एक आबामामा आहेत. फौजेत होते. वडिलांच्या वारसाने त्यांच्याकडे एक रायफल आली; .३१५ मापाची, रीतसर परवान्याची. हे मापही मोठे मजेदार. इंग्रजांच्या अमदानीत .३०३ हे लष्करी माप खाजगी माणसाला बंद होते, कारण फौजेची काडतुसे बंडखोरांच्या बंदुकीत जातील ही धास्ती. म्हणून शिकाऱ्यांसाठी वेगळी मापे चालू झाली. .४५० मापावर १९०७च्या सुमारास हिंदुस्थानात बंदी आली, तेव्हा लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने .४६५ काढले. कायद्याने दार लावले की कारागीर खिडकी पाडतो, ते असे.

मामांच्या वडिलांनी या रायफलीचे चेंबर एका जुन्या बंदूककाराकडून बेतून घेतले होते. चेंबर म्हणजे काडतूस बसते ते घर. कारखान्यातले चेंबर थोडे सैल ठेवलेले असते, म्हणजे कोणत्याही पेटीतले काडतूस त्यात बसावे. पण सैल घरात काडतूस किंचित कलते, गोळी नळीच्या आट्यांत तिरकी शिरते, आणि शंभर यार्डांवर त्या केसभर तिरकेपणाचे चार बोटे होतात. बेतून घेतलेल्या चेंबरात ती सरळ शिरते.

“मग अगदी घट्टच करून घ्यावे की!” मी म्हणालो.

“भाचेराव,” मामा म्हणाले, “कोट अंगाबरोबर शिवला, तर हात वर कसा करणार? रानात धूळ असते. नळी तापते. दुसरं काडतूस अडकलं, तर समोरचं जनावर थांबतं होय?”

तेव्हा पहिला धडा हा : शिकारीच्या बंदुकीत अचूकपणा हवा, पण तो वापराला मुरड घालून नव्हे. आणि आज हे काम परवानाधारक बंदूककाराचेच. घरी कानस घेऊन बसणे हा कायद्याने गुन्हा आणि जिवाला धोका.

दुसरा धडा मला फार आवडला. अचूकपणा एक नसतो, दोन असतात. चांदमारीच्या मैदानावर पाच गोळ्या झाडाव्या. पाचही रुपयाएवढ्या जागेत पडल्या, पण मध्यापासून चार बोटे डावीकडे, तर बंदुकीत खोट नाही. माशी सरकवली की झाले. पण गोळ्या सुपात पाखडल्यासारख्या विखुरल्या असतील, तर माशी कितीही सरकवा, व्यर्थ. आधी बंदुकीला एकाच ठिकाणी मारायला शिकवायचे, मग योग्य ठिकाणी. आमच्या विद्यार्थ्यांच्या शुद्धलेखनालाही हाच न्याय लागू आहे. एकच चूक सदैव करणारा मुलगा सुधारतो. दर ओळीला नवी चूक करणाऱ्याचे काय करावे ते कळत नाही.

विखुरण्याची कारणे बहुधा साधी असतात. पावसाळ्यात दस्त्याचे लाकूड फुगते आणि नळीला टेकते. मग नळी दर बाराला निराळी थरथरते. लाकूड इतके तासून घ्यावे की मधून पोस्टकार्ड सरकावे. दस्त्याचे स्क्रू ढिले असतात. काडतुसे दोन वेगळ्या पेट्यांतली असतात. चाप इतका जड असतो की ओढताना नळीच हलते. पण दुरुस्ती एका वेळी एकच करावी. दोन केल्या तर कोणती लागू पडली ते समजत नाही, हे वैद्यालाही ठाऊक असते.

आणि सगळ्यांत महत्त्वाचे, थंड नळीची पहिली गोळी. नळीत तेल राहिले असेल तर पहिली गोळी भलतीकडे जाते. खेळाडू सरावाच्या गोळ्या झाडून मग मोजणीला बसतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसला पन्नास मीटर रायफलीत कांस्यपदक मिळवले. त्या खेळात दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचे असते. थक्क करणारे कसब ते! पण तिथे गोळी चुकली तर गुण जातो. रानात पहिली चुकली तर काय होते?

त्याचे उत्तर चंपावतच्या वाघिणीने दिले आहे. १९०७ साली जिम कॉर्बेटने तिला मारले, तोवर तिच्या नावावर ४३६ माणसे जमा होती. तिच्या उजव्या बाजूचे वरचे-खालचे सुळे तुटलेले निघाले. ते कोणा शिकाऱ्याच्या जुन्या गोळीने तुटले होते, असे कॉर्बेटचे अनुमान. नेहमीचे भक्ष्य मारवेना, म्हणून ती माणसाकडे वळली. नेम चुकलेला तो गृहस्थ कदाचित घरी जाऊन सुखाने जेवला असेल. त्याची किंमत भरली ती गवत कापायला गेलेल्या बायकांनी.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शौकाची शिकार संपली, आणि ते बरेच झाले. आता बिबट्या माणसाला धोकादायक ठरला आणि तो पकडता किंवा बेशुद्धही करता येत नसेल, तरच मुख्य वन्यजीव रक्षक लेखी परवानगी देऊ शकतात. २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेजारच्या शिरूर तालुक्यात, पिंपरखेड-जांबूत भागात, बिबट्याच्या हल्ल्यांत तीन जीव गेले. त्यांतली दोन लेकरे होती. लोकांचा संताप रस्त्यावर आला. परवानगी निघाली. आधी बेशुद्धीचे इंजेक्शन मारून पाहिले, ते चुकले. मग गोळी झाडावी लागली.

ते इंजेक्शन बंदुकीच्या गोळीहून अवघड. ते हळू जाते, वाटेत खाली झुकते. अंतर चुकीचे धरले तर एक तर पोचत नाही, नाही तर जनावराला जखमच करते. औषधाची मात्राही वजनाच्या अंदाजाने ठरवायची. लागले तरी जनावर लगेच पडत नाही, काही मिनिटे जातात, आणि तेवढ्यात ते बिथरले तर उसात शिरते. म्हणजे मामांच्या रायफलीचे सगळे नियम इथेही तेच : साधन ओळखीचे हवे, अंतर मोजलेले हवे आणि पहिलाच बार लागला पाहिजे.

पण एक गोष्ट कोणत्याही बंदूककाराला बेतून देता येत नाही, ती म्हणजे शांतता. बिबट्या विहिरीत पडला किंवा गोठ्यात अडकला की शेकडो माणसे जमतात. कोणी कौलावर चढते, कोणी शिट्ट्या मारते, प्रत्येकाच्या हातात मोबाइल. जनावर एका जागी ठरत नाही आणि नेम धरणाऱ्याचा हातही. त्या गर्दीत सुट्टीला गावी गेलेली आपली शहरी मंडळीही असतात, हे मी पाहिले आहे. यंदा दिवाळीत आपण गावी जाल आणि तसा प्रसंग आलाच, तर मुलांना घरात घ्या, दार लावा आणि वनखात्याच्या माणसांना त्यांची दहा मिनिटे द्या. नेम त्यांनी धरायचा आहे. शिस्त मात्र आपण सर्वांनी.