आधी विचारा, मग अडवा

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या लोकांची लेक कॉलेजात गेली आणि तिनं ‘सोरॉरिटी’चं नाव काढलं, की घरात एकच कल्लोळ. दारू, पार्ट्या, पोरगी हातची गेली! भीती अगदीच खोटी नाही. पण नुसत्या ‘नाही’नं मुली थांबत नाहीत; घरी सांगायच्या तेवढ्या थांबतात.

सोरॉरिटी म्हणजे विद्यार्थिनींची संघटना. बहुतेक ठिकाणी आधी नाव नोंदवायचं, मग गाठीभेटींच्या फेऱ्या, आणि दोन्हीकडची पसंती जुळली तर निमंत्रण. ते नाकारताही येतं. म्हणून होकाराआधीच विचारा: वर्गणी किती? दारूचं काय? नव्या मुलींचा छळ होतो का? नमाज, रोजा, हिजाब यांचा मान राखला जातो का?

1908 साली हॉवर्ड विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थिनींनी स्वतःची ‘अल्फा काप्पा अल्फा’ काढली. 2005 साली इस्लामी मूल्यांवर ‘गामा गामा काय’ नावाची सोरॉरिटी उभी राहिली. ती काढली एका मुस्लिम आईनं आणि तिच्या लेकीनं मिळून.

आणि आपल्याला लेकीशेजारी बसून साधी चौकशीही करवत नाही?